नवं सर्टिफिकेट, एकट्याची ट्रिप आणि पुरवणीतली ती यादी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत एकट्याने फिरणाऱ्यांसाठी स्कूबा डायव्हिंगच्या जागांवर लेख आलाय तो वाचला. फोटो झकास आहेत, लिहिलंयही छान, पण कोमोडो, गॅलापागोस, दाहाबचं ब्लू होल आणि को ताओ हे सगळं एकाच माळेत ओवलंय आणि नुकतंच सर्टिफिकेट मिळालेल्यांनीही यातलं काहीही निवडावं असा एकूण सूर आहे, तो काही पटला नाही. मी स्वतः बरीच वर्षं डायव्हिंग करतेय आणि बहुतेक वेळा एकटीच जाते, त्यामुळे एकट्याने जाऊ नका असं सांगायला हे पत्र नाहीये, उलट जरूर जा. फक्त नवख्या माणसाने ट्रिप ठरवताना जे बघायला हवं ते त्या लेखात कुठेच नव्हतं, आणि जे होतं ते म्हणजे मासे. मासे सगळीकडे असतात हो.

आधी एक गोंधळ मिटवून टाकते. एकट्याने ट्रिपला जाणं वेगळं आणि पाण्यात एकट्याने उतरणं वेगळं. पाण्यात एकट्याने उतरण्याचे कोर्स असतात, पण एसडीआय आणि पॅडी या डायव्हिंग शिकवून सर्टिफिकेट देणाऱ्या दोन्ही संस्था त्यासाठी आधी १०० डायव्ह मागतात आणि हवेची दुसरी स्वतंत्र सोय अंगावर असावी लागते. नवख्याचा तो विषयच नाही. पाण्यात बडी म्हणजे जोडीदार लागतोच, आणि एकटं जाणाऱ्याचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो कारण तो बडी घरून बरोबर आलेला नसतो.

ओपन वॉटरचं, म्हणजे पहिल्या कोर्सचं, कार्ड म्हणजे नेमकं काय हातात आलंय तेही जरा बघू. कोर्सचा भाग म्हणून समुद्रात फक्त ४ डायव्ह झालेले असतात, खोलीची मर्यादा १८ मीटर, आणि ज्या परिस्थितीत शिकलात तशाच किंवा त्याहून सोप्या परिस्थितीत बडीबरोबर डायव्ह करायला तुम्ही तयार आहात एवढंच ते कार्ड सांगतं. ही शेवटची अट सगळे विसरतात. शांत, कोमट, काचेसारख्या पाण्यात शिकलेला माणूस जाड वेटसूट घालून गार आणि वाहत्या पाण्यात उतरला तर त्याचं शिक्षण तिथे अर्धंच लागू पडतं, कारण वेटसूट जाड झाला की कमरेला वजनं वाढतात, वजनं वाढली की तरंगण्याचा सगळा अंदाज बदलतो, आणि नवख्याचं निम्मं लक्ष तसंही आपण वर चाललोय की खाली यातच गेलेलं असतं.

आता बडीबद्दल, कारण माझ्या मते सगळी ट्रिप यावरच ठरते. मित्राबरोबर गेलात तर निदान एकमेकांची सवय असते. एकटे गेलात की सकाळी बोटीवर ज्याची जोडी नाही असा जो कोणी असेल तो तुमचा बडी, बसमधे शेजारच्या सीटवर कोण येईल ते जसं आपल्या हातात नसतं तसंच, फरक इतकाच की हा शेजारी तुमची हवा संपली तर त्याची हवा तुम्हाला देणार असतो. तो कधी फार चांगला निघतो. कधी तो मोठा कॅमेरा घेऊन आलेला असतो आणि एकाच गोगलगायीपुढे वीस मिनिटं बसतो. मी एका बोटीवर एका अगदी नवख्या मुलीची जोडी अशाच एका कॅमेऱ्यावाल्याशी लावलेली पाहिलीय, गाईड पुढे निघून गेला, हा मागे राहिला, आणि ती बिचारी मधे अधांतरी, धड गाईडबरोबर नाही की धड बडीबरोबर नाही. तिने शिकवलेलं नीट केलं, एक मिनिट आजूबाजूला बघितलं, कोणी दिसेना तेव्हा सावकाश वर आली. बोटीवर मात्र सगळ्यांचा डायव्ह लवकर संपवला म्हणून तिलाच कुरकुर ऐकावी लागली, आणि सेंटरचं कोणी एक शब्द बोललं नाही. मला राग आला तो त्या कुरकुरीचा. कारण दुसऱ्या दिवशी ती मुलगी हरवली तर वर येईल का, की लोकांच्या तोंडाला घाबरून खालीच शोधत राहील?

एकट्या माणसावर हा एक वेगळाच दाब असतो. अनोळखी लोक, त्यांचे शेकड्याने डायव्ह झालेले, आपला नंबर सगळ्यात खाली, मग गाईडने ३० मीटरवर जायचंय म्हटलं की आपण मान डोलावतो. बरोबर घरचं कोणी असतं तर अरे तुझं कार्ड १८ चं आहे ना, असं म्हणालं तरी असतं. डायव्हिंगमधे एक नियम आहे आणि तो सगळ्या चांगल्या सेंटरांवर पाळला जातो, की कोणीही, कधीही, कुठल्याही कारणाने डायव्ह रद्द करू शकतो आणि त्याला कारण विचारायचं नसतं. बोटीवरून उडी मारायच्या आधी पण आणि पाण्याखाली पण. अंगठा वर केला की सगळ्यांनी वर. हा नियम कोर्समधे शिकवतात, पण तो वापरायचा असतो हे लोकांना उशिरा कळतं.

हवेचा हिशोब करून दाखवते म्हणजे मी खोलीवर एवढी का अडून बसलेय ते कळेल. नेहमीचा अॅल्युमिनियमचा टँक साधारण ११ लिटरचा, भरलेला २०० बार दाबाला, म्हणजे २२०० लिटर हवा. त्यातले ५० बार शिल्लक ठेवून वर यायचं असतं, उरली १६५० लिटर. नवखा माणूस घाबरलेला असतो, हात मारत असतो, तो पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर ओढतो असं धरा. दर १० मीटरला दाब एका वातावरणाने, म्हणजे पृष्ठभागावर असतो तेवढ्याने, वाढतो म्हणून १० मीटरवर तोच माणूस ४० लिटर ओढतो, १८ मीटरवर ५६ आणि ३० मीटरवर ८०. म्हणजे १० मीटरवर त्याला चाळीसेक मिनिटं मिळतात, १८ वर अर्ध्या तासाच्या आत खेळ खलास, आणि ३० वर जेमतेम वीस मिनिटं, त्यात खाली जायचा आणि वर यायचा वेळही आला. शेजारचा जुना खेळाडू मिनिटाला बारा-चौदा लिटरमधे भागवत असतो. आता हे दोघं बडी. नवख्याची हवा संपत आली तेव्हा जुन्याचा अर्धा टँक बाकी. मग काय होतं? काही ठिकाणी सगळा ग्रुप वर येतो, काही ठिकाणी गाईड त्या जोडीला वर सोडून येतो, आणि काही ठिकाणी नवख्याला एकट्यालाच बोटीकडे बोट दाखवून जा म्हणतात. हे तिसरं ज्या सेंटरवर चालतं तिथे जायचं नाही, मग तिथे समुद्रात कितीही मोठे मांटा मासे असोत.

म्हणून मी नेहमी सांगते, जागा शोधण्यात चार दिवस घालवता ना, त्यातले तीन दिवस सेंटर शोधण्यात घाला. मेसेज करा आणि सरळ विचारा. एका गाईडमागे किती जण, चार असतील तर छान, आठ असतील तर दुसरीकडे बघा. एकट्याने आलेल्याची जोडी कोणाबरोबर लावता, माझी हवा आधी संपली तर काय करता, पहिला डायव्ह किती खोलीवर, बोटीवर ऑक्सिजन आहे का, सगळ्यात जवळचा रिकम्प्रेशन चेंबर (डायव्हिंगच्या आजारावर दाबाखाली उपचार करतात ती खोली) कुठे आणि तिथे पोचायला किती वेळ लागतो. चांगल्या सेंटरला हे प्रश्न आवडतात, अगदी सविस्तर उत्तर येतं. डोन्ट वरी माय फ्रेंड एवढंच उत्तर आलं तर मी तरी वरी करायला लागते. आणि उलटं बघा, त्यांनी तुम्हाला काय विचारलं? शेवटचा डायव्ह कधी झाला, एकूण किती झाले, कुठल्या पाण्यात झाले, हे न विचारताच जे थेट बुकिंगची लिंक पाठवतात त्यांना तुम्ही कोण आहात याच्याशी काही घेणंदेणं नाही. दहा डायव्हचं पॅकेज आधीच भरून टाकू नका, पहिल्या दिवसाचे दोन करा, माणसं बघा, भाड्याचं सामान कसं ठेवलंय ते बघा, मग पुढचं. कोर्स होऊन सहा महिने उलटले असतील तर पहिल्या दिवशी रिफ्रेशर म्हणजे उजळणी मागून घ्या, त्यात कसला आलाय कमीपणा.

जागांबद्दल बोलायचं तर त्या यादीतलं को ताओ मला मान्य आहे. थायलंडच्या आखातातलं हे छोटं बेट जवळपास शिकणाऱ्यांवरच चालतं, त्यामुळे उथळ जागा भरपूर, नवखे भरपूर, आणि तुमच्यासारखीच एकटी आलेली माणसं पहिल्याच संध्याकाळी भेटतात. पण सेंटरांची एवढी गर्दी आहे की चांगलं आणि घाईचं दोन्ही शेजारी शेजारी मिळतं, वरचे प्रश्न इथे सगळ्यात जास्त कामाचे. दाहाब पण सुंदर आहे, इजिप्तमधे अकाबाच्या आखातावर, तिथे किनाऱ्यावरूनच चालत पाण्यात शिरता येतं, लाइटहाउस नावाच्या जागी उथळ वाळू आहे, मग उतार आहे, हवं तेवढंच खोल जा, बोट नाही की उलट्या नाहीत. लेखात मात्र लाइटहाउसचं नावही नाही, फोटो ब्लू होलचा. ब्लू होल म्हणजे किनाऱ्यालगतचा प्रवाळातला खड्डा, तो १०० मीटरपेक्षा खोल आहे, त्याची ती प्रसिद्ध कमान साधारण ५६ मीटरवर आहे, म्हणजे हौशी डायव्हिंगची जी कमाल मर्यादा ४० मीटर तिच्याही बरीच खाली, आणि किनाऱ्यावरच्या कड्यावर तिथे जीव गमावलेल्यांच्या नावाच्या पाट्या लावल्यात. तिथे वरच्या थरात भिंतीवरून गाईडबरोबर जाणारे नवखेही असतात, ते ठीक आहे, पण हे सगळं न सांगता नुसता निळा गोल छापायचा म्हणजे जरा अतीच.

बालीतलं तुलांबेन यादीत नव्हतं ते मी घातलं असतं. तिथे लिबर्टी नावाचं अमेरिकन मालवाहू जहाज आहे, १९४२ मधे जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारल्यावर ते किनाऱ्याला लावलं होतं, आणि १९६३ मधे आगुंग ज्वालामुखी फुटला तेव्हा ते घसरून पाण्यात गेलं. किनाऱ्यापासून अगदी जवळ, वरचा भाग चार-पाच मीटरवरच लागतो आणि तळ साधारण ३० वर, त्यामुळे नवख्याने वरच्या अर्ध्यात रमावं, आत शिरायचं नाही.

बोनेअरची गोष्ट गमतीची आहे. कॅरिबियनमधलं हे बेट किनाऱ्यावरून डायव्हिंगसाठी जगात नावाजलेलं, रस्त्याच्या कडेला पिवळे दगड, त्यावर जागेचं नाव, गाडी लावा आणि उतरा. शांत पाणी, सोपी जागा, नवख्यांसाठी उत्तम असं सगळे म्हणतात आणि ते खरंही आहे, पण जोडीने आलात तर. एकट्याने आलात तर किनाऱ्यावरच्या त्या डायव्हला बोटही नाही आणि ग्रुपही नाही, बडी आणायचा कुठून? मग एकतर रोज गाईड घ्या नाहीतर दुसरा कोणी एकटा सापडेपर्यंत थांबा. म्हणजे सोपी जागा आणि एकट्याला सोपी जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे फोटोत दिसत नाही.

इंडोनेशियातल्या कोमोडोबद्दल मला वाईट वाटतं कारण ते खरंच अप्रतिम आहे. पण पॅसिफिकचं पाणी हिंदी महासागराकडे त्या बेटांच्या फटींमधून वाहतं, करंट कधी आडवा तर कधी सरळ खाली खेचणारा. तिथेही सोप्या जागा आहेत आणि चांगला गाईड नवख्याला तिकडेच नेतो, पण बोटीवरचे बाकी सगळे अवघड जागेसाठीच आलेले असतील तर बोट कुठे जाणार ते उघड आहे. गॅलापागोसमधल्या डार्विन आणि वुल्फ या बेटांना तर लाइव्हअबोर्डशिवाय (बोटीवरच राहून करायची डायव्हिंग ट्रिप) जाताच येत नाही, गार पाणी, जोराचा करंट, लाटांचा हेलकावा. पन्नासेक डायव्ह करून जा ना, बेटं कुठे पळून जात नाहीत.

करंटवरून आठवलं, आपल्याकडे उधाण आणि भांग हे शब्द आहेत ते इथे वापरायचे. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा भरती-ओहोटीवर चालणारे करंट जास्त जोरात असतात, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा सौम्य. तांबड्या समुद्रात भरती-ओहोटीचा फरक तसा कमी, तिथे एवढं बघायला नको, पण कोमोडोसारख्या जागी किंवा मालदीवमधल्या प्रवाळ बेटांच्या फटींमधे तारीख ठरवताना कॅलेंडर काढून तिथी बघितलीत तर उगाच कोणी हसणार नाही. सीझनही देशाच्या नावावरून धरू नका. थायलंडच्या पश्चिमेला सिमिलान बेटं मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच असतात, तर पूर्वेच्या आखातात को ताओला नोव्हेंबरच्या सुमारास पावसाने पाणी गढूळ होतं. एकाच देशात दोन समुद्र, दोघांचं गणित उलट.

लाइव्हअबोर्ड पहिल्या ट्रिपला नको. बोटीवर राहायचं, दिवसाला तीन-चार डायव्ह, आठवडाभर तीच माणसं. पटली तर स्वर्ग, नाही पटली तर उतरणार कुठे? शिवाय एकट्याला केबिनसाठी जास्तीचा चार्ज लावतात आणि बऱ्याच चांगल्या रूटवर ५० डायव्हची अट असते. जमिनीवर राहिलात तर कान दुखला, थकलात, सेंटर आवडलं नाही, तर दुसऱ्या दिवशी मोकळे.

एकट्या नवख्यासाठी मला सगळ्यात आवडणारा उपाय म्हणजे पहिली ट्रिपच कोर्सभोवती बांधायची. आधी दोन-तीन साधे डायव्ह १२-१५ मीटरवर मजेत करा, मग अॅडव्हान्स्ड ओपन वॉटर घ्या. पॅडीच्या कोर्समधे पाच डायव्ह असतात, त्यातले डीप आणि नेव्हिगेशन हे सक्तीचे, तिसरा बॉयन्सीचा, म्हणजे तरंगण्यावर ताबा ठेवण्याचा, घ्याच. खोलीची मर्यादा ३० होते ते ठीक, पण खरा फायदा हा की ते पाच डायव्ह एक इन्स्ट्रक्टर तुमच्याकडेच बघत असतो, कॅमेऱ्यावाला बडी गळ्यात पडायचा प्रश्नच मिटला, आणि बरोबर शिकणारे एक-दोघं असले तर पुढच्या दिवसांसाठी आपल्याच लेव्हलचा बडी आयता तयार.

सामान फार नको. स्वतःचा मास्क आणि स्वतःचा डायव्ह कॉम्प्युटर (किती खोल, किती वेळ याचा हिशोब ठेवणारं मनगटावरचं यंत्र), बाकी भाड्याने. कॉम्प्युटर मात्र गाईडच्या मनगटावर आहे म्हणून चालत नाही, तो तुमच्या खोलीचा हिशोब ठेवत नसतो. बोटीला आपण दिसावं म्हणून फुगवायची एक सिग्नल ट्यूब आणि शिट्टी खिशात.

तब्येतीचं जरा नीट ऐका. सेंटरवर मेडिकल फॉर्म भरायला देतात, त्यात एका जरी महत्त्वाच्या प्रश्नाला हो आलं तर डॉक्टरची सही लागते, ती परक्या बेटावर शोधत बसण्यापेक्षा घरूनच फॉर्म डाउनलोड करून घेऊन जा, आणि खोटंच ‘नाही’ असं लिहून मोकळं व्हायचं नाही. सर्दी झाली असेल तर उतरायचं नाही, पैसे भरलेत, परत कधी येणार, असं मनात येतंच, पण नाक मोकळं करायची गोळी घेऊन खाली गेलात आणि तिचा असर खालीच उतरला तर वर येताना कान अडकतात, म्हणून दोन दिवस मोकळे ठेवूनच ट्रिप आखा. इन्शुरन्समधे डायव्हिंग किती खोलीपर्यंत धरलंय आणि चेंबरचा खर्च त्यात आहे का ते वाचा. आणि स्कूटर जपून चालवा. बेटावर डायव्हिंगमुळे सुट्टी वाया गेलेल्यांपेक्षा स्कूटरवरून पडून गुडघे फोडून घेतलेले मी जास्त बघितलेत, ताजी जखम घेऊन समुद्रात उतरता येत नाही.

आणखी एक, जे फक्त एकट्यालाच लागू पडतं. वर येताना दाब उतरून अंगात बुडबुडे झाल्याने होणारा आजार, डीकम्प्रेशन सिकनेस म्हणजे बेंड्स, त्याची लक्षणं बहुतेकदा वर आल्यावर काही तासांत दिसतात, सांधा दुखणं, मुंग्या, अंगावर चट्टे, न समजणारा थकवा. बरोबर कोणी असेल तर तो विचारतो काय रे, गप्प का, हात का चोळतोयस. एकटा माणूस खोलीत जाऊन झोपतो, वाटतं टँक उचलून दुखलं असेल. तर सेंटरवरच्या एकाला तरी रोज संध्याकाळी भेटा, आणि काही वेगळं वाटलं की लाज न बाळगता सांगा, लगेच ऑक्सिजन देतात आणि पुढचं ते ठरवतात. परतीच्या विमानाचं पण आधीच बघून ठेवा. एकच डायव्ह केला असेल तर उड्डाणाआधी निदान १२ तास, रोज अनेक केले असतील तर १८ तास थांबायचं असं डॅन या डायव्हर्सच्या संस्थेचं सांगणं आहे, मी तर पूर्ण एक दिवस धरते. स्वस्त म्हणून पहाटेचं तिकीट काढलं आणि आदल्या दुपारी डायव्ह केला, असं करणारे असतात.

तर विनंती इतकीच की पुढच्या वेळी अशी यादी छापाल तेव्हा प्रत्येक जागेच्या नावापुढे साधारण खोली, करंट कसा असतो, आणि किती अनुभव हवा, एवढं एका ओळीत द्या. फोटो थोडा छोटा झाला तरी चालेल. आणि दाहाबचा फोटो परत छापलात तर यावेळी लाइटहाउसचा छापा.

आपली,
एक डायव्हर वाचक